चहा सोडला, ते सोपं होतं

गेल्या वर्षी लेंटमध्ये मी चहा सोडला. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे ४० दिवस, राखेच्या बुधवारपासून, मधले रविवार न मोजता. तुम्ही श्रावण पाळता ना, तसंच काहीसं समजा. नगरला आमच्या घरी या दिवसांत आजी मटण बंद करायची, आई गोड. पुण्यात नोकरीला आल्यावर मी चहा निवडला. ऑफिसात चहा सोडणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नकोच! साडेचारला अख्खा फ्लोअर टपरीवर आणि मी डेस्कवर, पाण्याची बाटली घेऊन. शिवाय मोबाइलवर बायबलचा रोज एक अध्याय. वीसेक दिवस असे गेल्यावर वाटायला लागलं, आता सैतान समोर आलाच तर बघून घेऊ.

तो आला नाही. आमचे टीम लीड आले, कॉफी मशीनपाशी.

क्लायंटला चुकीचे आकडे गेले होते. रिपोर्ट एका ज्युनिअर मुलानं बनवलेला, जॉइन होऊन जेमतेम चार महिने झालेले. त्यानं जुनी शीट वापरली होती, कारण ‘तीच घे रे, काही फरक पडत नाही’ असं घाईघाईत मीच त्याला सांगितलं होतं. लीडनी सहज विचारलं, “तुला विचारलं होतं का त्यानं?” मी म्हटलं, “नाही हो.” दुपारी मीटिंगमध्ये पुन्हा तेच. संध्याकाळी मेलवर तिसऱ्यांदा, तेही छान इंग्रजीत. अप्रेझल महिन्यावर आलं होतं. त्या मुलाला प्रोजेक्टवरून काढलं. सामान उचलताना तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

तीनदा. चर्चमध्ये वाढलेल्या कुणालाही हा आकडा टोचतो.

येशूला पकडलं त्या रात्री पेत्र छातीठोकपणे म्हणाला होता, बाकीचे पळाले तरी मी नाही. आणि तयारी काय, तर चक्क तलवार! शिपाई आले तेव्हा त्यानं ती उपसून मल्ख नावाच्या दासाचा कान कापला, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. म्हणजे गडी भित्रा नव्हता. पण थोड्याच वेळानं महायाजकाच्या वाड्यात, दार सांभाळणाऱ्या एका पोरीनं साधं विचारलं, तूही त्याच्यातलाच ना? तर हा म्हणतो, छे! पुढे शेकोटीपाशीही तेच. कोंबडा आरवेपर्यंत तीन वेळा.

संडे स्कूलमध्ये मला त्याचा राग यायचा. त्या गुड फ्रायडेला मात्र हा भाग ऐकताना लक्ष गेलं ते त्याच्या आधीच्या तासाकडे. गेथशेमाने बागेत येशूनं त्याला जागं राहून प्रार्थना करायला सांगितलं होतं. तयारीची वेळ ती होती आणि पेत्र झोपला. येशू तेव्हा काय करत होता? तो घाबरला होता आणि तेच बापाला सांगत होता, जमलं तर हे टळू दे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग उठून पकडणाऱ्यांना सामोरा गेला.

माझ्या त्या दिवसांतल्या प्रार्थनेत आजीचे गुडघे होते, जगातली युद्धं होती. अप्रेझल नव्हतं. इतकं क्षुल्लक देवाला काय सांगायचं! फ्लॅटचा हप्ता रेटिंगवर अवलंबून आहे आणि मी त्यापायी पार घाबरलेय, हे त्यालाच काय, मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

ईस्टरनंतरच्या सोमवारी लीडना खरं काय ते मेल केलं. रेटिंग घसरलं. त्या मुलाला परत घेतलं नाही, त्याच्या जागी तोवर दुसरी आली होती. मी सॉरी म्हटलं तर म्हणाला, “इट्स ओके, मॅम.” ओके काहीच नव्हतं, आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. पेत्राला पुढे तळ्याकाठी, दुसऱ्या एका शेकोटीपाशी, पुन्हा तीनदा विचारलं गेलं. मला अजून तरी नाही.

यंदा लेंटमध्ये चहा चालू ठेवला. सकाळी हिंजवडीच्या बसमध्ये, वाकड येईपर्यंत, आज मला कशाकशाची भीती वाटतेय ते डोळे मिटून एकेक सांगते. नवा मॅनेजर, हप्त्याची तारीख, दुपारचा क्लायंट कॉल आणि त्यात विचारला जाईल तो एक प्रश्न. शेजारच्या काकूंना वाटतं, मी झोपलेय. स्टॉप आला की त्या मला हलवतात.