एका पायरीखालचा मोठा गोलंदाज

१/ मांडव्याच्या धक्क्यावरून समुद्रापलीकडची मुंबई स्पष्ट दिसते. क्रिकेटच्या नकाशात मात्र रायगड जिल्हा मुंबईच्या नव्हे, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो. ओहोटीनंतर अलिबाग किंवा मुरुडच्या घट्ट वाळूवर गोलंदाजी करणाऱ्या मुलापुढे जिल्हा, राज्य आणि देश अशा पायऱ्या असतात. शेवटची पायरी बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. मग त्या कारकिर्दीचे मोल कसे करावे?

२/ इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये हा प्रश्न जुनाच आहे. प्रीमियर लीगमध्ये २० क्लब, तर तिच्याखालच्या तीन श्रेणींत ७२. त्या ७२ क्लबांमधले कितीतरी मधल्या फळीचे खेळाडू वर्षानुवर्षे आपापल्या गावासाठी धावतात आणि देशाचा पोशाख अंगावर न चढवताच निवृत्त होतात.

३/ महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत लखलखीत उदाहरण म्हणजे मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर. जन्म १९४०. प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. डावात पाच बळी ४२ वेळा. कसोटी सामने : शून्य.

४/ कारण त्यांच्या गोलंदाजीत नव्हते, काळात होते. त्याच शैलीचे बिशनसिंग बेदी १९६६ ते १९७९ या काळात ६७ कसोटी खेळले आणि त्यांनी २६६ बळी घेतले. भारतीय संघात त्या शैलीच्या गोलंदाजाला जागा साधारणतः एकच असे. ती बेदींनी व्यापली आणि तिच्यावर त्यांचा हक्कही होता. येथे कोणी खलनायक नाही, म्हणूनच ही गोष्ट अधिक बोचते.

५/ १९७२-७३ चा रणजी अंतिम सामना. स्थळ मद्रासचे चेपॉक, खेळपट्टी फिरकीला साथ देणारी. समोर तामिळनाडूचा संघ, त्यात वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार. मुंबईचा पहिला डाव १५१ धावांत आटोपला.

६/ मग शिवलकरांनी १६ धावांत ८ बळी घेतले. तामिळनाडू सर्वबाद ८०. दुसऱ्या डावात मुंबईच्या ११३ धावा. शिवलकरांचे पुन्हा १८ धावांत ५ बळी, तामिळनाडू सर्वबाद ६१. सामना तिसऱ्या दिवशी सकाळीच संपला. मुंबईने १२३ धावांनी जिंकलेले ते सलग पंधरावे अजिंक्यपद होते.

७/ ही पंधरा वर्षे आपण वाडेकर, गावसकर यांच्या नावांनी ओळखतो. परंतु फलंदाजांच्या धावांना विजयाचे रूप येण्यासाठी प्रतिपक्षाचे वीस बळी मिळवावे लागतात. तो भार वाहणाऱ्यांत शिवलकर होते. एवढ्या यशानंतरही पुढच्या मोसमात त्यांना पुन्हा नव्या उमेदीने चेंडू हाती घ्यावा लागला, बक्षिसाची खात्री नसताना.

८/ हरियाणाचे राजिंदर गोयल यांची कहाणीही अशीच. डावखुरी फिरकी, रणजीत विक्रमी ६३७ बळी आणि एकही कसोटी नाही. सुनील गावसकर यांनी १९८३ च्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात जगातील थोर खेळाडूंच्या पंगतीत या दोघांनाही बसवले. २०१७ मध्ये दोघांना सी. के. नायुडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला.

९/ शिवलकर १९८७-८८ च्या मोसमात, सत्तेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा मुंबईकडून उतरले. त्या वयात भारतीय संघाचे दार उघडण्याची आशा उरली नव्हती. तरीही ते खेळले. पुढे त्यांनी शिवाजी पार्कवर मुलांना गोलंदाजी शिकवली. ३ मार्च २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

१०/ इतिहास लिहिताना आपण शिखरावरची नावे मोजतो, कारण ती मोजायला सोपी असतात. पण बेदींना आपली जागा राखण्यासाठी सतत उत्तम राहावे लागले, ते मागे शिवलकर आणि गोयल उभे होते म्हणूनही. वाळूवर चेंडू वळवणाऱ्या मुलाला बेदींच्या २६६ बळींबरोबर हे ५८९ बळीही सांगायला हवेत.