पेटीवरचे नाव : सावंतवाडीची एक फेरी



फडताळातील जुना तांब्या किंवा परात हातात घेऊन पाहा. काठाजवळ बारीक ठिपक्यांनी घातलेले नाव दिसेल. कोणी लग्नात दिले, कोणाच्या स्मरणार्थ दिले, हे त्या चार अक्षरांवरून दोन पिढ्यांनंतरही कळते. आता हेच काम लाकडावर होऊ लागले आहे. ते कसे करून घ्यावे आणि करण्याआधी घरात कशाचा विचार व्हावा, हे आज सांगतो.

आमच्या आईची वर्षे आजरा भागात भाताच्या खाचरात गेली. ती गेल्यावर अस्थी नदीत सोडल्या. मागे उरला तिचा चष्मा, जपमाळ आणि घनसाळ भाताच्या बियाण्याची एक पुरचुंडी. या वस्तू ठेवायला हाताने घडवलेली लाकडी पेटी करावी, असे आम्हा भावंडांचे ठरले आणि मी सावंतवाडीची वाट धरली.

संकेश्वर–बांदा रस्त्याने आजरा सोडले की आंबोलीचा घाट लागतो. घाट उतरताच हवा दमट होते, उसाच्या जागी नारळी-पोफळी दिसू लागतात. सावंतवाडीच्या मधोमध १८७४ साली बांधलेला मोती तलाव आहे व काठावर राजवाडा. इथले लाखकाम आणि गंजिफा मागे पडू लागले होते, तेव्हा १९७०च्या दशकात शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी त्यांना पुन्हा उभे केले. लाकडी खेळण्यांची ओळ पाहायची, तर चितारआळीत जावे. रंगीत फळे तिथे अशी मांडलेली असतात की खरा पेरू कोणता, असा प्रश्न पडावा.

ही फळे पांगाऱ्याची असतात. आपण मिरीच्या वेलाला आधार म्हणून लावतो, तोच पांगारा. हलका व मऊ, पण किडीला लवकर बळी पडणारा. म्हणून पेटीसाठी कारागिराने शिवण सुचवली. शिवण वजनाला हलकी, चांगली वाळल्यावर फारशी वाकत नाही आणि रंगाने फिकट. त्यामुळे अक्षर उठून दिसते. कोपरे एकमेकांत दात बसवून जोडलेले, खिळा एकही नाही. झाकणावर मात्र रंग किंवा लाख लावू नका, असे मी आधीच सांगितले. नाव कोऱ्या लाकडावरच चांगले उमटते. तेल-पॉलिश नंतर करावे.

नाव घातले कोल्हापुरात, ट्रॉफी आणि दारावरच्या पाट्या करणाऱ्या एका दुकानात. यंत्रात कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर असतो. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही. भिंगातून तो सुईच्या टोकाएवढा एकवटतो आणि लाकडाचा वरचा थर जाळत अक्षर कोरतो. हा लेसर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म १९३८ सालचा, आपल्या बारामतीचा, आणि इंजिनिअरिंगचे शिक्षण पुण्याचे!

दुकानात एक खबरदारी घ्या. संगणकाचा टाइप बदलला की मराठी जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. आमच्याही नावाचे तसेच झाले होते, पण कागदावर छापून पाहिल्याने वेळीच सापडले. तेव्हा आधी कागद मागा, घरातल्या दोघांकडून वाचून घ्या, टाकाऊ फळीवर नमुना काढायला सांगा. अक्षर फार बारीक नको, नाहीतर मात्रा भरून जातात. लाकडावर चिकटपट्टी लावून कोरले, तर धुराचा डाग पडत नाही. चुकलेले अक्षर रंध्याशिवाय निघत नाही, हे ध्यानात ठेवा.

पण खरा प्रश्न यंत्राचा नव्हता. नाव कोणते घालायचे? सातबाऱ्यावर आईचे नाव कधी लागले नाही. रेशनकार्डावर होते ते सासरचे. थोरल्या भावाचे म्हणणे, तेच घाला, गाव त्याच नावाने ओळखते. मौशी कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आरं बाळा, तिचं माहेरचं नाव बी घाला की. त्या नावानं तिला हाक मारणारी आता मी एकलीच उरलीया."

कोणी काही बोलले नाही. थोरल्यानेच कागद घेतला आणि माहेरचे नाव वर, सासरचे खाली असे लिहून माझ्या हाती दिले. आमच्या मुलांना आजीचे ते पहिले नाव त्या दिवशी कळले.

१ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव लिहिणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले आहे. त्याआधीच्या आयांची नावे मात्र आपल्यालाच जपावी लागतील. पेटी करा किंवा करू नका, पण घरातल्या वडीलधाऱ्या बाईला आज संध्याकाळी तिचे माहेरचे नाव विचारा आणि वहीत लिहून ठेवा. सांगणारे माणूस घरात आहे तोवरच हे काम सोपे आहे.