गाडीतले जेवण आणि काही जुने कागद

माणसाने कशाचा संग्रह करावा याला काही नियम नाही. कोणी तिकिटे जमवितो, कोणी नाणी, कोणी आगपेट्यांवरची चित्रे. आमच्या आंबोलीच्या गावठाणात एक गृहस्थ मोडकी घड्याळे जमवीत असत आणि त्यांतले एकही चालत नाही याचा त्यांना मोठा अभिमान होता. आम्ही आगगाडीतील जेवणाची मेनुकार्डे जमवितो. हे ऐकून घरी आलेले पाहुणे प्रथम हसतात आणि मग विचारतात, “म्हणजे वडापावचीसुद्धा?” वडापावचे मेनुकार्ड नसते, हे आम्ही त्यांना गंभीरपणे सांगतो. पण हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही, हे पुढे दिसेल.

मेनुकार्ड हा जन्मतःच टाकाऊ कागद आहे. पुस्तक ठेवण्यासाठी छापतात, पत्र निदान काही दिवस उशाशी राहते. पण जेवण संपले की मेनुकार्डाचे काम संपले. त्यावर रश्शाचा डाग पडतो, मूल त्याची होडी करते. म्हणूनच जे वाचले ते मोलाचे. आमच्या संग्रहातले काही कागद चोरबाजारात मिळाले, काही अंधेरी स्टेशनाजवळच्या रद्दीच्या दुकानात, तर काही रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसांच्या पत्र्याच्या ट्रंकांतून आले. सारे मिळून एक जाड फाईल भरते. घरातील मंडळी तिला ‘उपाशी माणसाची पोथी’ म्हणतात.

या वेडाला वाडवडील आहेत. न्यूयॉर्कमध्ये फ्रँक बुटॉल्फ नावाच्या एक बाई होऊन गेल्या. नाव पुरुषी, पण होत्या बाई. १९०० च्या सुमारास त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालयासाठी मेनुकार्डे जमविण्यास आरंभ केला. हॉटेले, आगबोटी, आगगाड्या, मेजवान्या, जिथून मिळेल तिथून त्या मागवीत. १९२४ साली त्या वारल्या तेव्हा पंचवीस हजारांहून अधिक कार्डे जमली होती. ज्या देशात त्या राहत, तेथेच जॉर्ज पुलमन यांनी १८६८ साली निव्वळ जेवणासाठी बांधलेला डबा रुळांवर आणला आणि न्यूयॉर्कच्या एका नामांकित उपाहारगृहावरून त्याला ‘डेल्मोनिको’ हे नाव दिले. त्याआधी प्रवाशांनी स्टेशनात उतरावे, गाडीची शिटी होईपर्यंत घास कोंबावेत आणि अर्धे ताट सोडून धावत सुटावे, असा प्रकार होता.

आपल्याकडेही आरंभी तसेच होते. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पुढे रूळ लांबत गेले तसतशी मोठ्या स्टेशनांत उपाहारगृहे निघाली. पूर्वेकडे केल्नर आणि दक्षिणेत स्पेन्सर या कंपन्यांनी साहेबांच्या जेवणाची व्यवस्था पाहिली. गाडीला डायनिंग कार लागू लागली, तरी डब्यांतून आतल्या आत जाण्याची सोय बहुधा नसे. जेवणाऱ्याने एका स्टेशनात उतरून त्या डब्यात शिरायचे आणि पुढील थांबा येईपर्यंत तेथेच बसून राहायचे. बाकीच्यांसाठी फलाट होता, आणि त्या फलाटावर हिंदूंचे पाणी निराळे व मुसलमानांचे पाणी निराळे होते. तिसऱ्या वर्गाने हिंडलेल्या गांधीजींनी १९१७ साली त्या वर्गाच्या हालांवर लिहिले तेव्हा स्टेशनांत मिळणाऱ्या चहाची आणि खाद्यपदार्थांची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. त्या चहाचे मेनुकार्ड कोणी छापले नाही. ज्यांच्यासाठी छापले ते थोडे. जे जेवले, किंवा उपाशी राहिले, ते अगणित.

आमच्या मुंबईची गोष्ट सांगायची तर ‘दक्खनची राणी’ सांगावी लागते. १ जून १९३० रोजी ती मुंबई-पुणे मार्गावर सुरू झाली. सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. डब्यांचे सांगाडे इंग्लंडहून आले, पण वरचे सारे काम आपल्या माटुंग्याच्या कारखान्यात झाले. एक गाडी रुपेरी, दुसरी गडद निळी. तिच्या डायनिंग कारमध्ये टेबलाशी बसून खाता येते आणि चीज टोस्ट, बेक्ड बीन्स, ऑम्लेट, कटलेट यांच्यासाठी जीव टाकणारे प्रवासी पिढ्यान् पिढ्या आहेत. २०२२ साली गाडीला नवे डबे मिळाले, तेव्हाही डायनिंग कार टिकली. उलट बत्तीसऐवजी चाळीस जण बसू लागले. पण आमचे लक्ष दुसऱ्याच एका तपशिलाकडे जाते. आरंभी या गाडीला पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचे डबे लागले ते १९५५ च्या जून महिन्यात. म्हणजे माटुंग्याच्या ज्या कामगाराने तिच्या फळ्या ठोकल्या, त्याच्या ऐपतीचे तिकीट त्या गाडीत मिळायला पंचवीस वर्षे जावी लागली.

हे आम्हांला खुपते, कारण आमच्या समाजाची कितीतरी माणसे त्या पडद्याच्या मागल्या बाजूस होती. साष्टीतल्या गावठाणांतून आणि गोव्यातून निघालेले आमचे कॅथलिक पुरुष आगबोटींवर, क्लबांत आणि रेल्वेत आचारी, बटलर, बेअरे म्हणून राबले. साहेबाला हवे ते मांस रांधायला त्यांच्या धर्माची आडकाठी नव्हती, आणि सुरीकाट्याची मांडणी त्यांनी लवकर आत्मसात केली. आमचे मामा अशांपैकीच. घाटकोपरला राहत आणि घाट चढून जाणाऱ्या एका गाडीच्या डायनिंग कारमध्ये बेअऱ्याचे काम करीत. शिक्षण मराठी चौथी. इंग्रजी वाचता येत नसे, पण कार्डावरची कोणती ओळ कोणत्या पदार्थाची हे त्यांना पाठ होते. प्रवाशाने बोट ठेवले की मामा मान लववीत. घाटात गाडी वळण घेते तेव्हा सूपची बशी कोणत्या बाजूस झुकवावी म्हणजे सांडत नाही, हे ते आम्हांला रिकाम्या बशीने करून दाखवीत. ते स्वतः जेवत ते सर्वांचे आटोपल्यावर, उभ्या उभ्या.

जुनी झालेली मेनुकार्डे टाकून न देता मामा आमच्या आईला आणून देत, कारण त्यांची मागची बाजू कोरी असे. आई तिच्यावर हिशेब लिही. आमच्या संग्रहाचा उगम हा असा आहे. एका बाजूस सूप, तळलेला मासा, भाजलेले मटण, पुडिंग. दुसऱ्या बाजूस शिसपेन्सिलीने दूध, रॉकेल, शाळेची फी, परटाला दिलेले कपडे आणि चर्चची वर्गणी. फाईल उघडली की पाहुणे पहिली बाजू वाचतात. आम्ही दुसरी वाचतो.

पण त्या दुसऱ्या बाजूवरही एक गोष्ट नाही. आम्ही स्वतः गाडीत काय जेवलो, ते आईने कुठेही लिहिलेले नाही. १९७२ च्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब वेलंकनीला गेलो होतो. मुंबईहून मद्रास, तेथे एग्मोरला छोट्या रुळांची गाडी धरून नागपट्टणम आणि पुढे बस. वाटेत दोन रात्री. डायनिंग कार आमच्यासाठी नव्हतीच. आईने आठ दिवस आधीपासून कॅलेंडर समोर ठेवून बेत आखला. मधला एक दिवस शुक्रवार होता, तेव्हा त्या दिवशी मांस वर्ज्य. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून ओले खोबरे पहिल्याच फटक्यात बाद. खोबऱ्याचे वाटण संध्याकाळपर्यंतदेखील तग धरत नाही. उरले व्हिनेगरात शिजवलेले इंदियाल, जे आंबटपणामुळे दोन-तीन दिवस सहज टिकते आणि मुरल्यावर अधिकच चवदार लागते. त्याच्या जोडीला आंबवलेल्या मैद्याचे तळलेले फुगे, जे शिळे झाले तरी मऊ राहतात. शुक्रवारसाठी उकडलेली अंडी, बॉटल मसाला घातलेली बटाट्याची कोरडी भाजी आणि पुऱ्या. वडिलांची सुक्या बोंबलांची सूचना आईने एका वाक्यात निकालात काढली: “डब्यातले लोक आपल्याला खाली उतरवतील.”

कर्जतला मागे इंजिन जोडीपर्यंत वडिलांनी बटाटेवडे आणले. सोलापूर, वाडी, रायचूर मागे पडले, पुढे गुंटकल आले. समोरच्या बाकावर एक तमिळ कुटुंब होते आणि त्यांच्यासोबत एक सोवळ्यातल्या वृद्ध बाई. आम्ही क्रुसाची खूण करून डबा उघडला, तेव्हा त्यांनी खिडकीकडे तोंड वळविले. आईला त्याचे वाईट वाटल्याचे दिसले नाही. तिने पिशवीतून न सोललेली केळी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. सालीतले फळ कोणाच्याही हातचे चालते, हे तिला ठाऊक होते. म्हणूनच तिने ती मुद्दाम घेतली होती. बाईंनी केळी घेतली. रात्री त्यांनी पानात गुंडाळलेला दहीभात आम्हां मुलांना दिला. दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्दही येत नव्हता. ज्या रेल्वेने एकेकाळी पाण्याचेही वेगळे माठ मांडले, तिच्याच लाकडी बाकांवर दोन बायांनी आपापला धर्म सांभाळून एकमेकींना जेवू घातले. हे कोणत्याही कार्डावर छापलेले नाही, आणि आमच्या मते रेल्वेच्या जेवणाच्या इतिहासातले मुख्य पान हेच आहे.

आता काळ पालटला आहे. रेल्वेच्या खानपानासाठी १९९९ साली स्वतंत्र महामंडळ निघाले. जेवण भ्रमणध्वनीवरून मागविता येते आणि मेनू पडद्यावर उमटून पुसला जातो. जनरल डब्यातल्या गर्दीसाठी २०२३ पासून फलाटावर वीस रुपयांत सात पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लोणचे देण्याची योजना सुरू झाली, तिचे आम्ही मनापासून स्वागत केले. तिच्या दरफलकाचे छायाचित्र आमच्या फाईलमध्ये मानाने विराजमान आहे. मात्र कागदाचे नवे मेनुकार्ड क्वचितच हाती लागते. आमचा छंद आपोआप आटत चालला आहे.

म्हणून गेल्या काही वर्षांत आम्ही दुसराच उद्योग आरंभला. आई नाही, मामा नाहीत. पण त्यांच्या वयाला पोहोचलेल्या बाया अजून धर्मग्रामात आहेत. रविवारच्या मिस्सानंतर आम्ही त्यांच्यापाशी बसतो आणि एवढेच विचारतो: कुठे निघाला होतात, कोणते साल होते, डब्यात काय होते? मरोळच्या एका आजींनी मिरजेला गाडी बदलून गोव्याला जाताना नेलेल्या भाजलेल्या सॉसेजिसची आणि पावाची हकिकत सांगितली. बोरिवलीच्या एका बाईंनी बाळंतपणासाठी माहेरी जाताना सासूने बांधून दिलेले तांदळाचे लाडू आठवले आणि मग सासूविषयी बराच वेळ चांगले बोलल्या. मुलुंडच्या एका मावशींना पदार्थ आठवेनात, पण डबा बांधलेल्या फडक्याचा रंग आठवला. खोबरे घेऊ नये यावर सर्वांचे एकमत आहे. आणि जवळजवळ प्रत्येकीने दोन-चार जिन्नस वरचे घेतले होते, ‘कोणी समोर बसले असले तर’ म्हणून.

हे सारे आम्ही कार्डाच्या आकाराच्या कागदांवर स्वच्छ अक्षरात उतरवून घेतो: वर गाडीचे नाव व साल, मध्ये पदार्थ, खाली बांधून देणारीचे नाव. असे एकेचाळीस कागद जमले आहेत आणि ते फाईलमध्ये छापील कार्डांच्या आधी लावले आहेत. गावठाणांतली घरे पडून तेथे इमारती उभ्या राहत आहेत; ट्रंका आणि फडकी रद्दीबरोबर निघून जात आहेत. वाचकांच्या घरी अशी एखादी आजी वा मावशी असेल तर तिच्यापाशी पाऊण तास बसावे आणि ती सांगेल ते लिहून काढावे. चांगल्या कागदाचा आग्रह नाही; कशाच्याही मागची कोरी बाजू पुरेल.