अपुरे दिवस, अर्धे डोके

आपल्या भाषेत गर्भारपणाचा हिशेब दिवसांनी होतो. बाईला दिवस जातात, मग ते भरतात. भरण्याआधीच मूल आले तर ते 'अपुऱ्या दिवसांचे' ठरते. वैद्यकशास्त्र ३७ आठवड्यांची रेघ ओढते. भाषा रेघ ओढत नाही, पण उणीव मात्र मुलाच्या नावावर कायमची मांडून ठेवते. मी अशांपैकीच एक, आठव्या महिन्यातली. अर्धशिशी विशीत सुरू झाली. शिकवताना फळ्यावरची अर्धी ओळ दिसेनाशी होऊन तिच्या जागी नागमोडी, चकाकती रेघ उमटली, की पुढे काय वाढून ठेवले आहे ते कळते.

सुश्रुतसंहितेतील शिरोरोगांत 'अर्धावभेदक' आहे. आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, तेव्हा जन्मलेले मूल जगत नाही, असेही सुश्रुतसंहिता सांगते. 'सातव्याचे जगते, आठव्याचे नाही' ही घरोघरची समजूत याच धारणेशी नाते सांगते. प्रत्यक्षात गर्भाशयातला प्रत्येक जादा आठवडा मुलाची बाजू बळकट करीत जातो. शेवटच्या आठवड्यांत मेंदूची वाढ झपाट्याने होते; म्हणून अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि पुढची अर्धशिशी यांचे काही नाते असेल काय, हा प्रश्न रास्तच आहे. अशा मुलांत प्रौढपणी रक्तदाब अधिक आढळतो, हे अनेक अभ्यासांनी दाखविले आहे.

पण असा प्रश्न विचारायला आधी वही लागते. नॉर्वेने १९६७ पासून, स्वीडनने १९७३ पासून प्रत्येक जन्माची वैद्यकीय नोंद ठेवली. म्हणून तिथे माणसाच्या चाळिशीतून त्याच्या जन्माच्या आठवड्यापर्यंत मागे जाता येते. आपल्या जन्मदाखल्यावर तारीख असते, आठवडे नसतात.

मागल्या हिवाळ्यात तोरणमाळला एका विद्यार्थिनीच्या घरी जाण्याचा योग आला. सातपुड्यातले हे पठार सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. नंदुरबारच्या या डोंगराळ भागात रस्ता नसलेल्या पाड्यांवरून बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून न्यावे लागते. वर्तमानपत्रांनी त्या झोळीला 'बांबूलन्स' असे नाव दिले. या शब्दातला विनोद झोळी खांद्यावर घेणाऱ्यांचा नव्हे. या मुलीचेही डोके दुखते. परीक्षेच्या दिवशी दुखले तेव्हा कुणीतरी त्याला 'नाटक' म्हटले होते.

तिची आई पावरीत बोलत होती, मुलगी मराठी करून सांगत होती. मुलगी होळीला यायची, ती थंडीतच आली. मला माझाच धागा सापडल्यासारखे वाटले. एवढ्यात आई म्हणाली, "माझंही दुखतं. माझ्या आईचंही दुखायचं, ती फडकं बांधून निजायची."

साहित्याच्या माणसाला जन्मात नियती वाचण्याचा मोह होतो. काळाआधी आलेला जीव आणि दुभंगलेले डोके ही प्रतिमा सुंदर आहे, म्हणूनच तिच्यापासून जपून राहावे. अर्धशिशी बहुधा घराण्यातून येते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे तिप्पट आढळते. धोका हा समूहाचा हिशेब आहे. एकीच्या कपाळावर तो लिहिता येत नाही. त्या आईच्या दोन वाक्यांत मात्र जन्माचा ऋतू आणि तीन पिढ्यांची वेदना, दोन्हींची नोंद होती. वैद्याने विचारावे ते नेमके एवढेच. आणि शिक्षकाने? समोरची मुलगी डोळे मिटून बसली, तर 'नाटक' या शब्दाआधी एक प्रश्न तिला विचारावा.