पाय समेवर पडायला हवा

दोन गिटारींची सवय लागली की एकटीनं वाजवणं अर्धवट वाटतं. माझी मैत्रीण नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि ठाण्याच्या आमच्या घरात खाली कॉर्ड्स धरणारं कुणी उरलं नाही. कॉर्ड्स वाजवाव्यात तर सुरावट राहते, सुरावट घ्यावी तर तिचा आधार जातो. लूपर पेडल घ्यायचं मनात आलं ते तेव्हा. गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडायची ही छोटीशी पेटी. पायानं बटण दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं, पुन्हा दाबलं की तेवढा तुकडा फिरत राहतो, आणखी एकदा दाबलं की त्याच्यावर दुसरा थर चढवता येतो. माझ्याकडे त्यासाठी 7,000 रुपये होते आणि अडॅप्टरही त्यातच बसवायचा होता.

हल्ली लूपर म्हटलं की एड शीरनचं नाव निघतं. मार्च 2024 मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर त्याचा कार्यक्रम झाला, आणि माणूस एकटा उभा राहून थरावर थर कसे रचत जातो हे इथल्या पुष्कळ लोकांना ठाऊक झालं. युक्ती मात्र जुनी आहे. 1960 च्या दशकात अमेरिकन संगीतकार टेरी रायलीनं दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकच फीत दोन्हींतून फिरवली: पहिल्यावर ध्वनी मुद्रित व्हायचा, दुसऱ्यावर तो ऐकू यायचा आणि तिथून परत पहिल्याकडे जायचा. रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी 1973 मध्ये याच पद्धतीवर अख्खी ध्वनिमुद्रिका काढली. पुढे फितीची जागा चिपनं घेतली. 1994 च्या लेक्सिकॉन जॅममॅनमध्ये मुळात 8 सेकंद मावायचे, जादा मेमरी बसवली तर 32. 2001 च्या बॉस आरसी-20 मध्ये साडेपाच मिनिटं आली.

हा इतिहास वाचून माझा पहिला गोंधळ मिटला, किती मिनिटांचं पेडल घ्यावं हा. बाजारात प्रत्येक पेडलच्या खोक्यावर मिनिटं ठळक छापलेली असतात: टीसी इलेक्ट्रॉनिकच्या डिट्टोवर 5, स्वस्तातल्या डॉनर आणि अमूनच्या चिमुकल्या पेडलांवर 10, बॉस आरसी-1 वर 12. एके काळी मेमरी हीच महागाची गोष्ट होती, म्हणून मिनिटं मोजायची पद्धत पडली असावी. आज तिला अर्थ नाही. दर मिनिटाला 80 ठोक्यांची लय धरली तर चार-चार ठोक्यांचे आठ बार व्हायला 24 सेकंद लागतात. अगदी विलंबित एकतालाचं आवर्तन घेतलं, एका मात्रेला पाच सेकंद धरले, तरी बारा मात्रांचं एक मिनिट होतं. ज्याला घरी बसून रियाज करायचा आहे त्यानं मिनिटांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये, असं माझं ठाम मत झालं.

मग बघायचं काय? याचं उत्तर मला माझ्या मावसभावानं दिलं. तो तबला वाजवतो, गिटारशी त्याचा संबंध नाही. वाद्यं बघायला धोबी तलावला चक्कर होतेच, फुर्ताडोज हे 1865 पासूनचं नाव तिथलंच, तर एका शनिवारी त्यालाही सोबत नेलं. मी लूपर म्हणजे काय ते समजावू लागले तेव्हा तो मध्येच म्हणाला, “ताई, हा तर लेहरा झाला.” खरंच होतं ते. एकल तबलावादनात हार्मोनियमवर किंवा सारंगीवर एकच सुरावट आवर्तनामागून आवर्तन धरून ठेवतात, वादक तिच्यावर आपला कायदा, रेला रचत जातो आणि समेवर दोघं भेटतात. लेहरेकऱ्याचं सगळं कौशल्य समेला अचूक येण्यात. लूपरच्या बाबतीत ते कौशल्य वाजवणाऱ्याच्या पायात असावं लागतं.

आम्ही हातात येईल त्या प्रत्येक पेडलवर तीनतालाचं एक आवर्तन भरून पाहिलं. लय 120 ची, म्हणजे सोळा मात्रांना बरोबर 8 सेकंद. मी वाजवायची आणि तो मांडीवर ठेका धरून ऐकायचा. शेवटचं बटण दाबताना पाय जरासा मागे राहिला तर लूपही तेवढाच लांबतो आणि तो धक्का दर समेला, न चुकता, ऐकू येतो. हातानं वाजवताना चूक एकदा होऊन जाते, लूपरमध्ये ती गिरवली जाते. तेव्हा बटण दाबलं जाण्याचा नेमका क्षण तळपायाला कळला पाहिजे. “आवाज सगळ्यांचा सारखाच आहे,” भाऊ म्हणाला, “तू फक्त बटण बघ.”

बटणात फार फरक निघाला. चिमुकल्या पेडलांना धातूची बारीक घुंडी असते. ती कट् आवाज करून खाली बसते. पेडल इतकं हलकं की जाड केबलच्या ओढीनंच तिरकं होतं. बुटासकट स्टेजवर उभं राहणाऱ्याला ते चालेल. पण आपण घरात अनवाणी वाजवतो! ती घुंडी तळव्याला टोचते आणि टोचेल या धास्तीनं पाय आधीच बिचकतो. लय तिथंच हलते. मला वाटतं, आपल्याकडे पेडल निवडताना हा मुद्दा सगळ्यांच्या आधी यायला हवा. बॉसच्या पेडलांना जवळजवळ अर्ध्या पेडलाएवढी रुंद, रबर लावलेली पट्टी असते. तिच्यावर अनवाणी पाय निर्धास्त पडतो.

दुसरा प्रश्न थांबवण्याचा. एकाच बटणाच्या पेडलांत लूप थांबवायला लागोपाठ दोनदा दाबावं लागतं. गाणं समेवर संपवायचं तर पहिला दाब समेच्या आधी द्यावा लागतो, म्हणजे शेवटचा सूर लावताना लक्ष अर्धं पायाकडे. डिट्टोचा आवाज स्वच्छ, रचना साधी, एकच खुंटी. मला ते मनापासून आवडलं. पण थांबवायला वेगळं बटण हवं असेल तर डिट्टो एक्स-2 घ्यावं लागतं आणि ते माझ्या पैशांत बसत नव्हतं. आरसी-1 सुद्धा दोनदा दाबूनच थांबतं, मात्र त्याला बाहेरून आणखी एक फूटस्विच जोडायचं सॉकेट आहे. आज पेडल, पुढे कधी तरी स्विच, अशी दोन टप्प्यांत खरेदी करता येते. पैसे कमी असतात तेव्हा ही सोय मोठी.

नवं आरसी-1 माझ्या मर्यादेबाहेर होतं. डोंबिवलीतला एक कॉलेजचा मुलगा आपलं जुनं लाल आरसी-1 विकत होता, ते बघायला आम्ही गेलो. जुनं पेडल तपासताना आधी गिटारचा आवाज पूर्ण बंद करून नुसती शांतता रेकॉर्ड केली आणि तिच्यावर पाच-सहा थर चढवले. खरखर असेल तर ती थरागणिक वाढत जाऊन उघडी पडते. मग एकच सूर लांबवून त्याच्या मध्येच लूप जोडला आणि सांध्यावर टक् असा आवाज येतो का ते ऐकलं. शेवटी लूप फिरत असताना सगळे जॅक आणि अडॅप्टरची पिन हलवून पाहिली. त्या मुलानं स्वतःची गिटार दिली, हवा तितका वेळ दिला, आणि अडॅप्टरसह 6,500 ला व्यवहार झाला.

अडॅप्टरबद्दल मात्र सांगायलाच हवं. या पेडलांना 9 व्होल्ट लागतात आणि पिनचं मधलं टोक ऋण असतं. घरात पडलेले राउटरचे अडॅप्टर बहुधा 12 व्होल्टचे आणि उलट्या ध्रुवाचे, ते दिसायला तसेच असले तरी लावायचे नाहीत. आणि जोडणीत लूपर सगळ्यांत शेवटी ठेवायचा. डिस्टॉर्शनच्या आधी ठेवला तर साठवलेल्या कॉर्ड्सही त्यातून जाऊन वरच्या सुरावटीत कालवल्या जातात, एकही सूर वेगळा ऐकू येत नाही.

आरसी-1 वर 24 दिव्यांचं वर्तुळ आहे. लूप कुठवर आला ते त्यात दिसतं आणि भावाला पेडलमधलं सगळ्यांत आवडलेलं तेच: आवर्तन डोळ्यांना दिसतं. मी पहिले काही आठवडे दुसरा थर चढवलाच नाही. एका कॉर्डचा चार ठोक्यांचा लूप भरायचा, पुसायचा, पुन्हा भरायचा. एव्हाना पाय ठोक्यावर आपोआप पडतो. आता मी आधी मंद्रातले सूर घेते, मग कॉर्ड्स, आणि लूपचा आवाज खुंटीनं थोडा खाली आणून वर सुरावट. मंद्राचा थर मनासारखा होईपर्यंत पुढे जात नाही, कारण मागे फिरता येतं ते फक्त शेवटच्या थरापुरतं. खालचा थर बिघडला तर सगळंच पुसावं लागतं.

भावालाही आता लूपर हवाय. त्याला माझं पेडल चालणार नाही. तीनताल, झपताल, रूपक यांचे लेहरे त्याला हार्मोनियमवर एकदा भरून कायमचे ठेवायचे आहेत आणि आरसी-1 मध्ये लूप साठवायला वेगवेगळ्या जागाच नाहीत. न्यूक्सचं लूप कोअर किंवा बॉसचं आरसी-5 यांत 99 जागा असतात. दोन्हींत ड्रमचे ठेकेही आहेत, ते त्याच्या कामाचे नाहीत. त्याची गिटार नाही, त्यामुळे हार्मोनियमचा माइक मिक्सरमधून पेडलला जोडावा लागेल. पुढच्या रविवारी वापरलेलं एक लूप कोअर बघायला कल्याणला जायचं ठरलंय. पेटी सोबत नेणार आहोत.