पहाटे साडेपाचचा मासा

परवाच्या रविवारी पहाटे पावणेपाचला उठलो. (हो, मीच! आणि तेही रिलीज नसताना!)

कारण आमचे बाबा. रिटायर झाल्यापासून दर रविवारी अंधारात गळाचं सामान घेऊन ते पवई तलावावर जातात. गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि तेव्हापासून घरात एकच विषय, हे वेड सोडवायचं कसं? पाण्यात सांडपाणी, काठावर डास, तलावात मगरी. बरं, इतकं करून पकडलेला मासा घरी आणायचाच नाही, परत सोडून द्यायचा. मग जायचंच कशाला? बाबांना समजावण्याचं काम बायकोने माझ्यावर सोपवलं होतं. म्हटलं, काठावर बसून शांतपणे सांगू.

पवई तलाव आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ऑफिसच्या काचेतूनच पाहिलेला असतो. १८९१ च्या सुमारास ब्रिटिशांनी बांध घालून तो तयार केला, मुंबईची तहान भागवायला. ते पाणी पिण्याच्या काही उपयोगाचं राहिलं नाही. मासे मात्र राहिले. रोहू, कटला, मृगळ. काठावर अँग्लिंग असोसिएशनच आहे आणि बाबा तिचे मेंबर. असो.

आम्ही पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. दोन दिवस मळभ होतं, वारा अजिबात नाही, पाणी हिरवंगार. आणि समोर बघतो तर काय! पाण्यावर जिकडेतिकडे माशांची तोंडं. उघडमीट, उघडमीट. मी तर खूश.

"बाबा, आज मजा आहे तुमची! मासा वर आलाय!"

बाबांनी रॉड पिशवीतून काढलाच नाही. कणकेचे गोळे तसेच डब्यात.

"आज एकही लागायचा नाही. धाप लागलीय त्यांना. धाप लागलेल्याला भूक असते का?"

मग थोडं थांबून म्हणाले, "मला होती का त्या दिवशी?"

मी गप्प.

उजाडल्यावर मेलेले मासे दिसायला लागले. आमच्या बाजूच्या काठावर मी मोजले, एकतीस. बहुतेक मोठेच. शेजारून जॉगिंग करणारा एक जण थांबून म्हणाला, "कोणीतरी विष टाकलं वाटतं." हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. २०१६ च्या मार्चमध्ये मी बंगळूरला नोकरीला होतो. तेव्हा तिथल्या उल्सूर तलावात हजारो मासे मरून तरंगले होते आणि आमच्या ऑफिसात पहिला तर्क हाच निघाला होता.

विष टाकायची गरजच नसते. घरी येऊन वाचत बसलो (इंजिनियर माणूस, रूट कॉज सापडल्याशिवाय झोप कशी येणार?). मासा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतो. पाणी जितकं गरम, तितका तो कमी मावतो. वीस अंशाला लिटरमध्ये साधारण नऊ मिलिग्रॅम, तीस अंशाला साडेसात. त्यात सांडपाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू आधी आपला वाटा उचलतात. सांडपाण्याच्या खतावर शेवाळ माजतं. दिवसा उन्हात हे शेवाळ भरपूर ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे दुपारी सगळं झकास. रात्री मात्र तेच शेवाळ ऑक्सिजन खातं. मळभ असेल तर दिवसाची कमाईही तोकडी. असं करत करत पहाटे खातं रिकामं होतं. तीन मिलिग्रॅमच्या खाली गेलं की रोहू-कटल्यासारखे मासे वर येऊन पृष्ठभागालगतचं पाणी कल्ल्यांत ओढायला लागतात. मोठ्यांना जास्त लागतो, म्हणून बहुधा आधी ते जातात. मरळ, मागूर थेट हवेतून श्वास घेऊ शकतात, म्हणून ते तगतात. पहिला जोराचा पाऊस आला की तळाचं कुजकं पाणी ढवळून वर येतं, ते आणखी वेगळं.

म्हणजे बघा, दुपारी दोन वाजता कोणी पाण्याचा नमुना घेतला तर रिपोर्ट उत्तम येईल! आमच्याकडे एक सर्व्हर असाच होता. ऑफिसच्या वेळेत ठणठणीत आणि रोज पहाटे चारला झोपायचा. कित्येक दिवस कुणाला कळलं नाही, कारण चारला बघणारं कोणी नव्हतं. बऱ्याच तळ्यांत कारंजी लावतात तीही संध्याकाळी, रंगीत दिव्यांसकट, फिरायला येणाऱ्यांसाठी. माशांना ती हवी असतात पहाटे. अर्थात कारंजं म्हणजे नुसता पॅच. खरा बग सांडपाणीच.

पण मला वाचून कळलं ते बाबांना आधीच ठाऊक होतं. त्यांच्या सामानात एक वही असते. मला वाटायचं, किती मासे मिळाले त्याचा हिशोब असेल. त्या दिवशी पहिल्यांदा उघडून पाहिली. तारीख, वारा, पाण्याचा रंग, आणि मग, "मासा वर." "जलपर्णी काढून काठावरच टाकली, पुन्हा पाण्यात." "वास." "मासा खाली, छान लागला." आठ वर्षं, जवळजवळ प्रत्येक रविवार.

गेल्या वर्षी त्या रात्री बाबा तीन वाजल्यापासून धाप लागून पलंगावर बसून होते. आम्हाला कशाला उठवायचं म्हणून गप्प राहिले. सहाला मी पाणी प्यायला उठलो, तेव्हा दिसले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचले. शेजारच्या खोलीत मी झोपलो होतो. हे मी अजून कुणाशी बोललेलो नाही.

काठावर बसून जे सांगायचं ठरवलं होतं, ते सांगितलं नाही. बायकोला म्हटलं, जाऊ देत त्यांना. तलावाकडे पहाटे साडेपाचला बघणारी मोजकीच माणसं आहेत, त्यातलं एक आपण कमी करायला नको. ती म्हणाली, "ठीक आहे, पण एकटे नाही पाठवायचं."

तेव्हा यापुढे रविवारी सकाळी माझा फोन लागला नाही तर समजून घ्या. वहीत लिहायचं काम आता माझ्याकडे आलंय. अक्षर वाईट आहे म्हणून बाबांची पहिली तक्रारही येऊन झाली.