नागौरचा एक दिवस

सौभाग्यवतींच्या गुडघ्यांनी अजून साथ सोडलेली नाही, तोवर राजस्थानची मरुभूमी पाहून घ्यावी, असे आमच्या घरी यंदा ठरले. हिवाळ्यात सात दिवसांची रजा. ग्वाल्हेरहून जोधपूर, तेथून सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवरचे जेसलमेर, मग बिकानेर आणि परत जोधपूर, असा मार्ग मी वहीत आखला. राव जोधाने १४५९ मध्ये पाया घातलेला मेहरानगड, रावळ जैसलाने ११५६ मध्ये वसविलेले आणि ज्याच्या पिवळ्या दगडी किल्ल्यात आजही माणसे नांदतात ते जेसलमेर, राव बिकाने १४८८ मध्ये स्थापिलेले बिकानेर. एवढ्यानेच दिवस भरत आले. त्यात कन्येने समच्या वाळूच्या टेकड्यांवर दोन रात्रींचा मुक्काम मागितला.

बिकानेरहून जोधपूरला येताना वाटेत नागौर लागते. तेथे एक दिवस थांबावयाचे, हा माझा हट्ट. १७५५ मध्ये नागौरला वेढा घालून बसलेले जयाप्पा शिंदे तेथेच मारवाडच्या विजयसिंहाकडील मारेकऱ्यांच्या हातून मारले गेले. जवळच ताऊसर येथे त्यांची छत्री आहे. ज्या लष्कर भागात आमच्या चार पिढ्या नांदल्या, त्याचे नावच मुळी शिंद्यांच्या छावणीवरून पडलेले. तेव्हा तेथे मस्तक टेकविणे हे मला कर्तव्य वाटे.

परंतु हट्टाचे खरे कारण निराळे आहे. काही वर्षांपूर्वी एका रिकाम्या तासाला मी ही कथा वर्गात रंगवून सांगितली. मराठी फौज, रणरणते ऊन, विश्वासघात, काहीच बाकी ठेवले नाही. तास संपताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे घराणे मूळचे नागौरचे. तो नम्रपणे म्हणाला, “सर, किले के अंदर तो हमारे लोग थे।”

मला उत्तर सुचले नाही. घंटा झाली, तिने माझी लाज राखली.

इतकी वर्षे मी तो वेढा आपल्या तंबूतूनच पाहत आलो होतो. तटाच्या आत त्या दिवसांत धान्य काय भावाने मिळत असेल, हा विचार मला कधी शिवला नव्हता. आपले पूर्वज त्या भूमीत पाहुणे म्हणून नव्हे, खंडणीच्या वसुलीसाठी गेले होते, हे ग्रंथांत वाचले होते. मनाला मात्र ते लागले नव्हते.

ही हकीकत परवा प्रथमच घरी सांगितली. कन्या काही बोलली नाही; तिने वही ओढून घेतली आणि समची एक रात्र खोडली. सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, मग छत्रीवर फूल वाहायचे की नाही?”

“वाहायचे तर!” मी म्हणालो. “पण आधी किल्ला पाहू. आतून.”

वहीत आता तोच क्रम लिहिला आहे.